घोडेखिंडीच्या लायनीची काठी

मित्रांनो, मुहर्रकला बंदराजवळ बर्फाचा एक छोटासा कारखाना आहे. मासे धरायला जाणाऱ्या होड्यांना तिथून बर्फ मिळतो. लाद्या फोडून बर्फाचा चुरा करणारे एक दांडगे यंत्र तिथे आहे, आणि त्या यंत्राच्या बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तुम्हाला एक हातभर लांबीची काळपट शिसवी काठी दिसेल. तिच्या एका टोकाला पितळी कडे आहे आणि कड्यावर झिजत आलेली अक्षरे आहेत. ती काठी म्हणजे मी. माझे वय विचारू नका. विलायतेत व्हिक्टोरिया राणी गादीवर होती तेव्हा माझा जन्म झाला, एवढे पुरे. मी आगगाडीची काठी आहे, आणि जिथे एकही आगगाडी धावत नाही त्या बहरीनमध्ये मी नोकरी करते. याला कोणी हसले तर हसू द्या. या वयात हाताला काम आहे, हे काय थोडे झाले?

या कारखान्यात गेल्या उन्हाळ्यात गणपत नावाच्या एका भल्या माणसाचा जीव पणाला लागला. लागला तो कोणाच्या द्वेषाने नाही की आळसाने नाही, तर माझ्याबद्दलच्या आदराने. ते मी सांगणारच आहे. पण आधी माझी लायन, म्हणजे माझा आगगाडीचा मार्ग, सांगितला पाहिजे, कारण लायन कळल्याशिवाय काठी कळायची नाही.

सह्याद्रीच्या पूर्वेच्या अंगाला घोडेखिंड नावाचे गाव होते. आजूबाजूच्या रानात हिरडा भरपूर. कातडी कमवायला हिरडा लागतो आणि विलायतेत त्याला मोठी मागणी होती. पण घोडेखिंडीतून हिरडा खाली आणायचा म्हणजे बैलांचा जीव जायचा, गाड्यांची चाके मोडायची आणि पाऊस लागला की चार महिने सगळे ठप्प. कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेले टर्नबुल नावाचे एक साहेब तिथे राहत होते. त्यांचे गुडघे कामातून गेलेले होते, घोड्यावर मांड बसेना. लोक म्हणत की साहेबाला चालवत नाही म्हणून त्याने आगगाडी काढली. त्यात थोडे खरेही असेल. पण स्वतःच्या गुडघ्यांसाठी काढलेली गाडी सगळ्या मुलुखाच्या कामी येते, असे कितीदा घडते?

टर्नबुल साहेबांनी हिरड्याच्या व्यापाऱ्यांना गोळा केले, जहागीरदारांचे मन वळवले आणि कंपनी उभी केली. तिचे नाव घोडेखिंड लाइट रेल्वे कंपनी. जहागीरदारांनी शेअर घेतले ते एका अटीवर. त्यांच्या आमराईसमोर गाडी थांबलीच पाहिजे. आंबे असोत नसोत, कोणी चढो न चढो, ती बिचारी शेवटपर्यंत तिथे थांबत राहिली. खडी आसपासच्या गावांनी फोडली, नदीवरचा पूल गवंड्यांनी पावसाआधी जिद्दीने पुरा केला. कुठल्याशा खाणीवरची दोन जुनी इंजिने आणली, घासूनपुसून हिरवी रंगवली. खाली मुरूमवाडीला मोठ्या रेल्वेचे स्टेशन होते, तिथपासून वर घोडेखिंडीपर्यंत एकच अरुंद रूळ टाकला. लोक कंपनीचे एवढे लांब नाव कशाला घेतील? ते तिला 'घोडी' म्हणू लागले. घोडी आली, घोडी गेली, आज घोडी फुरफुरते आहे.

एकच रूळ म्हटल्यावर तुमच्या मनात शंका आली असेल. वरून एक गाडी आणि खालून दुसरी, अशा दोन्ही एकदम निघाल्या तर? त्यासाठीच माझा जन्म. साहेबांनी घोडेखिंडीच्या सुताराकडून शिसवाची काठी करून घेतली. तांबटाने पितळी कडे बसवले आणि त्यावर दोन्ही स्टेशनांची नावे कोरली. ती इंग्रजीत तर होतीच, पण मुरूमवाडीचे स्टेशनमास्तर विसाजीपंत यांच्या हट्टाखातर बाळबोध अक्षरांतही कोरली गेली. मग साहेबांनी सगळ्या नोकरांना जमवले आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत नियम सांगितला. "रूळ एक. काठी एक. गाडी एक. काठी हातात नाही, गाडी जागची हलणार नाही."

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे होती. ड्रायव्हरने मला खुंटीवरून उचलून न्यायचे नव्हते. स्टेशनमास्तराने माझे एक टोक धरायचे, ड्रायव्हरने दुसरे. मास्तराने म्हणायचे, "लायन तुझी," ड्रायव्हरने म्हणायचे, "लायन माझी," आणि मग मास्तराने हात सोडायचा. गावकऱ्यांना याची फार गंमत वाटली. "एवढी लोखंडाची गाडी आणि काठीशिवाय चालत नाही? आंधळी आहे काय?" असे ते विचारत. मला त्याचा राग यायचा. पण खरे सांगायचे तर घाटातल्या वळणांवर गाडीला पुढचे दिसत नव्हतेच. तिचे डोळे मीच होते.

आमची कंपनी होती केवढीशी, पण काय तिचा कारभार! विसाजीपंत तिकिटे फाडत, घंटा वाजवत, टपाल लावत, तापाच्या गोळ्या देत आणि फावल्या वेळात दोन गावांची भांडणेही मिटवत. गार्ड माहेरवाशिणींचे निरोप पोचवी. कुंभार आपली मडकी पेंढ्यात बांधून पाठवत आणि ती सगळी शाबूत पोचत, कारण आमचा ड्रायव्हर वली इंजिन सुरू करताना धक्का म्हणून बसू देत नसे. वली रत्नागिरीकडचा. किनाऱ्याच्या आगबोटींवर त्याने कोळसा ओढला होता, म्हणून तो इंजिनालाही बोटच समजायचा. चढ आला की म्हणायचा, "चल बाय, ही लाट काढ." असे साधे लोक, असे जुने इंजिन, आणि तरी आमच्या लायनीवर दोन गाड्या कधी समोरासमोर आल्या नाहीत. मोठमोठ्या कंपन्यांना हे सांगता यायचे नाही. मला सांगता येते, आणि मी ते जरा मान ताठ करूनच सांगते.

एका दिवसाची आठवण सांगते. मुरूमवाडीहून वऱ्हाड घेऊन घोडेखिंडीला जायचे होते. लग्न दुपारचे. नवरदेव मुंडावळ्या बांधून डब्यात बसला होता, वाजंत्री वाजत होती. पण काठी कुठे होती? काठी, म्हणजे मी, वरून येणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरच्या हातात होते, आणि ती मालगाडी काही येईना. तारही बंद पडली होती. नवरदेवाचे मामा वैतागून इंजिनापाशी आले, ते सगळे मी मागाहून वलीच्या तोंडून ऐकले.

"अहो, मुहूर्त टळला तर पाप कोणाच्या माथी?"

वली शांतपणे म्हणाला, "मामा, मुहूर्त संध्याकाळी दुसरा मिळंल. तुमचा भाचा काय दुसरा मिळायचा नाय."

मामा चिडले, ओरडले, साहेबांकडे तक्रार करीन म्हणाले. विसाजीपंत मध्ये पडले नाहीत. ते नुसते घंटेच्या दोरीला धरून उभे राहिले. दुपार कलली तेव्हा वळणावरून आमची मालगाडी आली. तिला धूर नव्हता, शिट्टी नव्हती. बॉयलर निकामी झाला होता आणि ड्रायव्हर हाताच्या ब्रेकवर तिला उतारावरून हळूहळू सोडत आणत होता. वऱ्हाडाची गाडी निघाली असती तर तिला समोरून येणाऱ्या या मुक्या गाडीचा पत्ताही लागला नसता. वाजंत्री आपोआप थांबली. लग्न गोरज मुहूर्तावर लागले आणि थाटात लागले. नवरदेवाच्या आईने मात्र डब्यात चढण्याआधी मला हळदकुंकू वाहिले. वलीने मागाहून मला पुसले. "आई, रागवू नका, हात घसरतो," असे म्हणाला. पण त्या दिवसापासून वाटेवरच्या गावांतले लोक गाडी दिसली की इंजिनाला नाही, मला हात जोडू लागले. मान कोणाला नको असतो, मित्रांनो? मलाही तो गोड वाटायचा.

राणी गेली, टर्नबुल साहेब गेले, तरी घोडी पळतच होती. मग पहिले महायुद्ध आले. सरकारला इराकात सैन्यासाठी रेल्वे घालायची होती आणि रूळ कमी पडत होते. हुकूम आला, आणि आमचे रूळ उखडून बैलगाड्यांवर लादले गेले. ते बोटीने बसऱ्याला जाणार होते. ज्या रस्त्यावरून बैलांची सुटका केली, त्याच रस्त्यावरून बैल आमचे रूळ ओढत नेत होते, हे पाहून माझे मन फार खट्टू झाले. कंपनी बंद झाल्याचा कागद लागला त्या दिवशी विसाजीपंत मला घेऊन वलीकडे आले. म्हातारा वली अंगणात बसला होता. पंतांनी माझे एक टोक धरले आणि दुसरे पुढे केले. वली सवयीने म्हणाला, "लायन माझी." आणि मग ते दोघेही रडले.

वलीचा मुलगा अहमद फिटर होता. तो रुळांबरोबर बसऱ्याला गेला, युद्ध संपल्यावर परत आला आणि वलीच्या पश्चात मी त्याच्या घरी रत्नागिरीकडच्या गावात राहिले. पुढचे दिवस आठवायला नको वाटतात. मी दाराचा अडसर झाले. वाळत घातलेल्या बोंबलांवरून मांजरे हाकलायला माझा उपयोग झाला. पोरांनी मला क्रिकेटची यष्टीदेखील केले, आणि मला त्रिफळाचीत व्हायची सवय लागली. घरात फक्त अहमदची बायको, शरीफुन्निसादादी, मला ओळखून होत्या. त्या नातवंडांना वलीची आणि लायनीची गोष्ट सांगत आणि सांगून झाल्यावर माझे कडे पदराने पुसत. त्या नातवंडांत एक नुमान होता.

नुमान मोठा झाला, बहरीनला गेला आणि याच बर्फाच्या कारखान्यात फोरमन झाला. मोठ्या कंपन्यांत यंत्राच्या बटणाला कुलूप लावल्याशिवाय कोणी आत हात घालत नाही. हा कारखाना जुना आणि लहान, तिथे आरडाओरडीवर काम चालायचे. एकदा बर्फ फोडायच्या यंत्रात एका कामगाराचे बोट गेले. त्यानंतर रजेवर घरी आला तेव्हा नुमानने मला दारामागून उचलले आणि सामानात घातले. बहरीनच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने मला उलटेपालटे करून पाहिले.

"ये क्या है?"

"रेल्वे का है, ट्रेन का," नुमानने सांगितले.

तो माणूस खो खो हसला. "बहरीन, ट्रेन मफी!" म्हणजे इथे ट्रेनच नाही, असे म्हणून त्याने मला जाऊ दिले.

नुमानने यंत्राशेजारी भिंतीवर एक खिळा ठोकला आणि मला तिथे टांगले. नियम सोपा होता. ज्याला यंत्राच्या आत शिरायचे आहे त्याने काठी काढून बरोबर न्यायची. काठी खिळ्यावर असेल तरच बटण दाबायचे. इतक्या वर्षांनी मला पुन्हा काम मिळाले. त्या आनंदात माझ्या लक्षात आले नाही की टर्नबुल साहेबांचा नियम यात अर्धाच उतरला आहे. एका हातातून दुसऱ्या हातात देणे राहून गेले होते.

यंत्राच्या दुरुस्तीचे काम गणपतकडे होते. तो चिपळूणजवळचा, अंगाने बारीक, बोलायला तिखट. यंत्राच्या पोटात पोलादी दातांचे पिंप होते, त्यात तो पायांकडून आत सरकायचा. तोंड इतके अरुंद की मला आत नेता येत नसे, म्हणून तो मला तोंडापाशी जमिनीवर टेकवून ठेवायचा. मी तिथे दिसले की सगळ्यांना समजायचे की गणपत आत आहे.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होते. यंत्राच्या दातांत होडीची दोरी अडकली होती. नुमान असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजला गेला होता. गणपतने मला खिळ्यावरून काढले, पिंपाच्या तोंडाशी टेकवले आणि तो आत सरकला. कॉम्प्रेसर घरघरत होता, त्यात त्याच्या हातोडीचा आवाज बुडून गेला. थोड्या वेळाने परीक्षित आला. हा वायरमन साताऱ्याकडचा, तिशी उलटलेला, नुकताच कामाला लागलेला; काठीचा नियम त्याला अजून कोणी नीट सांगितला नव्हता. खांद्यावर वायरचे वेटोळे घेऊन तो मागच्या दाराने आला आणि त्याचा पाय मला लागला. मी आडवी पडले.

मित्रांनो, आपल्याकडे वस्तूला पाय लागला तर काय करतात, ते तुम्हाला माहीत आहे. परीक्षितने चटकन वाकून मला उचलले, कपाळाला लावले, सदऱ्याने पुसले. नुमानभाईंच्या पणजोबांच्या काळातली, मानाची काठी अशी पायदळी पडलेली त्याला बघवली नाही. त्याने मला अगदी सरळ खिळ्यावर टांगले, एक पाऊल मागे जाऊन नमस्कार केला आणि तो आपल्या कामाला लागला. इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी उचलले नव्हते, आणि इतकी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती. मला तोंड असते तर मी किंचाळले असते. गणपत आत होता आणि मी खिळ्यावर होते.

बाहेर एका होडीवाल्याची पिकअप उभी होती. मासे उन्हात तापत होते. नुमान नमाजहून परत येताच होडीवाला मासे नासतील म्हणून घाई करत ओरडला, "यल्ला नुमान, यल्ला! समक खराब!"

"बस, अब्बी देतो," म्हणत नुमान यंत्रापाशी आला. त्याने खिळ्याकडे पाहिले. मी जागेवर होते. त्याने बटणाकडे हात नेला. त्याच वेळी परीक्षितला वाटले की आपण केलेले चांगले काम साहेबांच्या कानावर घालावे.

"साहेब, काठी खाली पायात येत हुती. म्या नीट ठिवली बगा वर."

नुमानचा हात बटणावर होता, तो तसाच राहिला. त्याने दुसऱ्या हाताने मला खेचून काढले आणि पिंपाकडे धाव घेतली.

"आत कोण हाय?"

उत्तर आले नाही. कॉम्प्रेसर घरघरतच होता. नुमानने दोन्ही हातांनी मला उचलून पिंपावर आपटले. पुन्हा आपटले. माझ्या कड्याला खोक पडली ती तेव्हाची.

"गणपतदा! ओ गणपतदा!"

"अरे कोण तो?" आतून वैतागलेला आवाज आला. "कान फोडतास काय माजे? जरा कळ काढा, दोरी निघतेच हाय!"

नुमान तिथल्या तिथे ओल्या जमिनीवर बसला. होडीवाला पिकअपमधून उतरून आत आला, काय झाले ते त्याने न विचारताच ओळखले. गणपत दोरीचा गुंता हातात घेऊन बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे असे पाहत होते की त्याने आधी स्वतःच्या अंगाकडे पाहिले. मग नुमानने त्याला सांगितले. गणपतचा चेहरा उतरला. परीक्षित भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. शेवटी गणपतच त्याच्याजवळ गेला.

"काठीच्या पाया पडलास, बरा केलास. पण आतला माणूस नाय दिसला रे तुला?" मग त्याने परीक्षितच्या पाठीवर हात ठेवला. "गप. रडू नको. तू बोल्लास म्हणून मी हाय. नायतर ह्यांनी माझा सरबत केला असता."

नुमान उठला. त्याने पक्कड मागितली आणि भिंतीवरचा खिळाच उपटून काढला. "दादी सांगायची, लायन हातातून हातात द्यायची. मी तीच गोष्ट विसरलो," तो म्हणाला. तेव्हापासून मला भिंतीवर जागा नाही. बटणापाशी जो उभा असतो त्याच्या हातात मी असते. आत जाणाऱ्याने मला त्याच्याकडून मागून घ्यायचे आणि आत गेलेल्याच्याच हातून मी परत येईपर्यंत बटणापाशी उभ्या असलेल्याने बटणाकडे बघायचेही नाही. गणपत मला घेताना "लायन माझी" म्हणतो. मल्याळी आणि बंगाली कामगारही तेच म्हणतात. आमच्या घोडीचे रूळ कधीच वितळून गेले असतील, डबे सरपणाला गेले असतील, पण ती कंपनी माणसांना जे शिकवायला निघाली होती ते इथे अजून चालू आहे. मला तिचा अभिमान वाटतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला नेहमी सांगितले जाते. मी त्याच्या उलट विनंती करते. मला कपाळाला लावू नका, हार घालू नका, उंच जागी टांगू नका. माझ्यापेक्षा माझ्यावर भरवसा ठेवून आत गेलेल्या माणसाची काळजी घ्या, आणि मला उचलण्याआधी मी कोणाची आहे ते विचारा.

पुढच्याच आठवड्यात यंत्राच्या आतली वायर बदलायची होती. आत जायची पाळी परीक्षितची होती. गणपतने माझे टोक पुढे केले, परीक्षितने धरले, दोघांनीही आपापले शब्द म्हटले. मग परीक्षित यंत्राच्या तोंडाशी आला आणि क्षणभर घुटमळला. त्याने मला खाली जमिनीवर, आपल्या पायाशी ठेवले. नमस्कार केला नाही. आणि तो निर्धास्तपणे आत सरकला.